महंताचं कापड

आमच्या गावाबाहेरच्या मठाचा इतिहास माझ्या सासऱ्यांनी तयार केला. शोधून काढला असं नव्हे. लुगडं विणतात तसा विणला, आणि तोही एका सकाळी, उभ्या उभ्या, हात खळीनं बरबटलेले असताना. आता तो छापील पुस्तकात आहे. शाळेच्या सहली येतात तेव्हा मास्तर तो पोरांना सांगतात, आणि मी बाजूला उभी असले तर मलाही ऐकवतात. मी ऐकून घेते. मास्तरांशी वाद घालायचं वय गेलं माझं.

मी मूळची नागपूरची, सक्करदऱ्याच्या तलावाजवळची. माहेरी हातमाग, सासरीही हातमाग. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन उमरेडच्या वाटेवरच्या या गावात आले. सातवी पास होते, म्हणून गावानं मला विद्वान ठरवलं आणि सासूबाईंनी आळशी. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणे, ते आणि माझे यजमान गुंडाळलेला ताणा खांद्यावर घेऊन गावाबाहेर निघाले. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. मागावर चढवण्याआधी ते लांबच्या लांब ताणून बांधावे लागतात आणि कुंच्यानं त्यांना पेजेची खळ लावावी लागते. हे काम जगातले सगळे कोष्टी आपल्या गल्लीत करतात. आमचे लोक नाला ओलांडून रानात का जातात, हे मला कळेना.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "झेंड्यामुळं."

प्रकार असा झाला होता. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गावानं झेंड्यासाठी चांगला दगडी ओटा बांधायचं ठरवलं. जागा गावाच्या मधोमध हवी, सगळ्यांना दिसेल अशी हवी. गावात सरळ गल्ली एकच, ती कोष्ट्यांची. तिच्या बरोब्बर मध्यावर ओटा उभा राहिला. मामाजींनी स्वतः दगड वाहिले, चुना मळला, झेंडा चढला तेव्हा सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ताणा घेऊन गल्लीत आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण आपल्याच पोटावर ओटा बांधला.

आता ओटा काढा असं म्हणायची छाती कोणाची? ओटा काढा म्हणजे इंग्रजाला परत बोलवा म्हटल्यासारखं. एकदा ओट्याला वळसा घालून ताणा लावून पाहिला. त्याचं लुगडं एका काठानं लांब आणि एका काठानं आखूड निघालं. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, हे लंगड्या बाईसाठी विणलं का? पुढच्या वर्षभरात गल्लीतली बरीच घरं माग मोडून नागपूरच्या मिलमध्ये गेली. मामाजी मात्र ताणा उचलून मठात गेले.

मठ कोणाचा, कधीचा, कोणालाच ठाऊक नव्हतं. काळे घडीव दगड, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. मध्ये लांबच लांब सभामंडप, दोन्हीकडे खांबांची रांग, मागे वटवाघळांनी भरलेल्या खोल्या, एक मुंडकं नसलेली मूर्ती आणि एक विहीर. गुराखी खांबांना गुरं बांधत. गावात मठाला इतिहास नव्हता, भुतं होती. पण मंडप सरळ होता, सावली होती, दारातून वारा खेळत होता. मामाजींना दुसरं काय पाहिजे? "झेंड्यानं गल्ली घेतली, मठानं गल्ली देल्ली," असं ते म्हणत, आणि कोणावरही राग नसल्यासारखं म्हणत.

पाजणीचं, म्हणजे या खळ लावण्याचं, एक आहे. ती एकदा सुरू झाली की थांबत नाही. खळ लागलेले ओले धागे तसेच सोडले तर एकमेकांना चिकटतात आणि सगळ्या ताण्याचा दोर होतो. म्हणून वाळेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंचा मारत चालत राहायचं, धागा तुटला तर चालता चालता सांधायचा. घरात कोणी जेवायला वाढलेलं असो, पाहुणा आलेला असो, मामाजींचं एकच वाक्य ठरलेलं: "ओला ताना कोनासाठी थांबत नाई." माझ्या लग्नातही ते मांडवात उशिरा आले होते म्हणे, याच कारणानं.

अशी तीन-चार वर्षं बरी गेली. मग नागपूरहून येणारा रस्ता पक्का करायचं निघालं. खडीसाठी दगड हवा होता आणि रस्त्याच्या ठेकेदाराला आयता घडवलेला दगड मठात दिसला. त्यानं खांबांवर हात थोपटला, म्हशीची पाठ थोपटतात तसा, आणि तहसीलीत अर्ज दिला. मामाजी धावत तहसीलीत गेले. तिथल्या साहेबानं सांगितलं, "जागा सरकारची, इमारत पडकी. इतिहास असेल तर राहील, नसेल तर खडी. नागपूरहून पाहणीला साहेब येतील, त्यांना इतिहास दाखवा."

मामाजी घरी येऊन ओसरीवर बसले. यजमान म्हणाले, "जाऊ द्या बाबा. नागपूरले जाऊ, मी मिलमध्ये लागतो." मामाजींचा धाकटा भाऊ मिलमध्ये गेला होता आणि बहिरा होऊन परत आला होता. त्याला हाक मारली तर तो हसत असे, कारण काय म्हटलं ते त्याला कळत नसे. मामाजी उठून आत गेले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसतेच बसले. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची माया आली. मठ गेला तर माग गेला, आणि माग गेला तर हा माणूस जाईल, इतकं ते साधं होतं.

म्हणून इतिहास ठरवायला गाव बसलं. बसलं कुठं, तर झेंड्याच्याच ओट्यावर. मी सातवी पास, म्हणून मलाही डोक्यावर पदर घेऊन दाराआड बसवलं, चूक निघाली तर सांगायला.

पाटील म्हणाले, मठाला जमीन त्यांच्या पूर्वजांनी दिली, हे आधी पक्कं करा. पक्कं झालं. मग एक म्हातारबा म्हणाले, "लढाई पायजे. लढाईबिगर इतिहास कसा होईन?" लढाई घातली. तेवढ्यात प्रश्न आला की हरलं कोण. हरलेल्यांच्या बाजूचं व्हायला कोणीच तयार होईना. शेवटी असं ठरलं की दोन परगावचे राजे मठापाशी लढले आणि दोघंही हरले. मठाच्या विहिरीवर सगळ्या जातीचे लोक पाणी भरत, असंही एका पोरसवदा गुरुजीनं सुचवलं. पाटील म्हणाले, "एवढा इतिहास नको." ते वाक्य मी कधी विसरले नाही. खोटा इतिहास रचतानासुद्धा माणूस आपल्या विहिरीची राखण करतो.

साहेब सोमवारी येणार होते. मी आठवडाभर सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. म्हातारबा दर वेळी लढाईत हत्ती वाढवत होते, ते मी दर वेळी कमी करत होते.

साहेब रविवारीच आले. म्हणे जीप त्याच दिवशी मोकळी होती. पाटील परगावी गेलेले, म्हातारबा वावरात, गुरुजी सुट्टीवर. मठात आम्ही चौघंच होतो: मामाजी, यजमान, सासूबाई आणि खळीचं मडकं धरून मी. आणि मंडपभर ओला ताणा.

तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. टोपी काढून आत आले आणि थबकले. म्हणाले, "ये सब क्या है? हटाओ ये धागा. मुझे मठ देखना है."

मामाजींचा कुंचा चालू होता. ते न थांबता म्हणाले, "नाई हटता साहेब. ओला है."

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. ही साधूंची जागा, इथं धंदा कोणी मांडू दिला, वगैरे बोलू लागले. मला वाटलं, आता हा माणूस वळेल, जीपमध्ये बसेल आणि उद्या सकाळी इथं हातोडे येतील. ठरवलेला इतिहास मला तोंडपाठ होता, पण राजे, हत्ती, पाटलांचे पूर्वज, यांतलं काहीही या धाग्यांबद्दल बोलत नव्हतं.

मामाजी टोकाला पोचले, वळले आणि परत येता येता म्हणाले, "धागा साधू लोगकाच है साहेब."

"मतलब?"

"साधू हितंच ताना लावते थे. भीक नई मांगते थे. आपला कपडा आपन विनते थे. हम उनकाच काम करके राह्यलो."

मी मान वर करून मामाजींकडे पाहिलं. सासूबाईंनी मला चिमटा काढला. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"साधू बुनते थे?"

मामाजी वळले, दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. साहेब त्यांच्या बाजूबाजूनं, ताणा पेलणाऱ्या बांबूच्या कैच्यांखालून वाकत. प्रश्न जाताना यायचा, उत्तर येताना मिळायचं. साहेबांना खांबांवर चरे दिसले. ते दोरीचे चरे होते यात शंका नाही, पण ती दोरी पाटलांच्या म्हशींची होती. साहेबांनी बोट फिरवून विचारलं, ये ताने की रस्सी के निशान? मामाजींनी एकदा चऱ्यांकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि म्हणाले, "आता तुमीच पाहा ना साहेब."

ताणा वाळेपर्यंत इतिहास पुरा झाला. मठात विणकर साधू होते. मोठा दुष्काळ पडला तेव्हा शेवटचे महंत अंगावरच्या फाटक्या कापडानिशी काशीला निघाले. निघताना गावच्या कोष्ट्यांना म्हणाले, मठात ताणा तुटू देऊ नका, मी परत येईन. तेव्हापासून आमचं घराणं दर वर्षी एक कापड विणून महंतासाठी राखून ठेवतं. मामाजी हे सगळं सांगताना गंभीर होते. मला वाटतं, दुसऱ्या फेरीपासून त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

साहेबांनी विचारलं, "इस साल का कपडा कहाँ है?"

आता मात्र मामाजींचा कुंचा क्षणभर अडखळला. सासूबाई घराकडे चालत्या झाल्या आणि करवती काठाचं एक उपरणं घेऊन आल्या. ते माझ्या भावासाठी विणलेलं होतं, त्याच्या लग्नात द्यायला. साहेबांनी दोन्ही हातांवर घेऊन ते कपाळाला लावलं. माझ्या भावाचं उपरणं माझ्या डोळ्यांदेखत पवित्र झालं. लग्नात त्याला शेवटी विकतचं द्यावं लागलं.

मठ राहिला. ठेकेदार दुसऱ्या टेकडीकडे गेला, मठाच्या दाराशी निळी लोखंडी पाटी लागली. विणकर साधूंचा प्राचीन मठ, खाली काशीला गेलेल्या महंतांची आणि त्यांच्या कापडाची हकिगत, मोडतोड करणाऱ्यास दंड. पाटील आमच्यावर रुसले, कारण पाटीवर त्यांचे पूर्वज नव्हते. पुढे ते सांगू लागले की विणकर साधूंना पहिल्यांदा सूत त्यांच्याच पूर्वजांनी पुरवलं. म्हातारबा मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले की लढाई गाळून सरकारनं अन्याय केला.

मला वाटलं, काम झालं, संपलं. पण वर्ष फिरल्यावर मामाजी इतवारीतून चांगल्यातलं सूत घेऊन आले आणि महंताचं कापड मागावर चढवलं. मी चिडले. घरात नेसायला धड लुगडं नाही आणि न जन्मलेल्या महंतासाठी करवती काठ.

"मामाजी, आपनच मारलेली थाप आपनच काहून पाळाची?"

"थाप कशाची वं?" ते म्हणाले. "मठ राह्यला का नाई?"

"राह्यला."

"ताना लागते का नाई?"

"लागते."

"मंग तो महंत गेलाच असंन कुठंतरी."

दर वर्षी एक कापड होत गेलं, आणि सासूबाई ती घडी करून संदुकीत ठेवत गेल्या. मधेच राज्याची वाटणी झाली. मठ होता तिथंच राहिला आणि मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. नवे साहेब पुण्याकडचे आले, त्यांनी हिंदी पाटी काढून मराठी लावली. इतिहास तोच ठेवला, फक्त जुन्या पाटीत अशुद्ध फार होतं असं म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक साधू आला.

चाळिशीचा असेल. जटा कमी, दाढी जास्त, अंगावर भगवं फडकं, तेही विरलेलं. मठात शिरला, झोळी ठेवली, पाटी पुन्हा एकदा बाहेर जाऊन वाचून आला आणि आम्हाला म्हणाला, "मी महंताच्या शिष्याचा शिष्य. काशीवरून आलो. माझं कापड कुठं हाये?"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. गावाची पाचावर धारण बसली. तुम्ही खोटे असं म्हणावं तर महंत खोटा, महंत खोटा तर पाटी खोटी, आणि रस्ता रुंद करायचं पुन्हा बोलणं सुरू झालेलं. तुम्ही खरे असं म्हणावं तर मठ त्यांचा. आणि साधूनं दुसऱ्याच दिवशी हुकूम सोडला, "इथं ध्यान होईन. हे धागेदोरे काढा." हात दाखवून अवलक्षण ते असं. मामाजी त्या दुपारी ताटावरून उठून गेले. खोटं त्यांनी बांधलं होतं आणि आता तेच त्यांच्या गल्लीत ओट्यासारखं उभं होतं.

तोड काढली सासूबाईंनी. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "साधू इनत होते ना? मंग महंताले पाजनी आलीच पायजे. नाई आली तं तो महंत नाई. मठ खरा, हा खोटा."

इतकं सोपं होतं. मी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मठात ताणा लावला. सगळं गाव तमाशा पाहायला जमलं, पाटील तर पानाचा डबा घेऊन बसले. मामाजींनी साधूपुढं कुंचा धरला आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, आधी तुमी."

मला हसू आवरत नव्हतं. हा बाबा आता खळीत दाढी बुडवून बसेल असं वाटत होतं. त्यानं कुंच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भगव्याचा काचा मारला, माझ्या मडक्यात दोन बोटं घातली, चिमटीत चोळून पाहिली.

"पातळ झाली वं," तो मला म्हणाला.

पातळ झालीच होती, तमाशाच्या नादात माझं लक्ष नव्हतं. त्यानं कुंचा घेतला आणि चालू लागला. कुंचा मनगटातून सैल, पाऊल मोजकं, नजर धाग्यावर. मामाजी ताण्याच्या दुसऱ्या बाजूनं आपला कुंचा घेऊन निघाले. मध्यावर एक धागा तुटला. साधूनं न थांबता अंगठा जिभेला लावला, दोन्ही टोकं चिमटीत धरली, एक पीळ दिला आणि पुढं गेला. सांधा कुठं होता ते दिसलंसुद्धा नाही.

हा अंगठा जिभेला लावणं कोणत्याही काशीत शिकवत नाहीत. ते आईच्या मांडीवर बसून शिकतात. मंडपातल्या सगळ्या कोष्ट्यांनी ते पाहिलं आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पाटलांना काही कळलं नाही, ते पान खात राहिले. माझं हसू गेलं कुठल्या कुठं. माझ्या माहेरच्या गल्लीतून किती माणसं अशी उठून गेली होती. मिलनं माग बंद पाडले, मिलनंच पुन्हा माणसं काढली. कोणी हमाल झालं, कोणी नुसतंच गेलं. त्यांतलं एक समोर भगव्यात चालत होतं, आणि त्याचा अंगठा अजून कोष्ट्याचाच होता.

ताणा वाळला तेव्हा मामाजींनी हळूच, नागपुरात कोष्टी कोष्ट्याला त्याची वस्ती विचारतो तसं, विचारलं, "कोन्या पुऱ्यातले गा तुमी?"

साधू धाग्यांवरून हात फिरवत होता. म्हणाला, "महंताले पुरा नसते."

"बरं," मामाजी म्हणाले, आणि संदुकीतली सगळी कापडं आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. ध्यानाची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

तो राहिला. मागच्या एका खोलीतली वटवाघळं हाकलून तिथं राहू लागला. पहाटे पाजणी, दुपारी आमच्या घरी जेवण आणि जेवताना मिठाबद्दल तक्रार. महंत म्हटल्याशिवाय वळून पाहत नसे. सुताच्या कांड्या सैल भरल्या तर मला सगळ्यांदेखत रागवायचा, आणि मी काही उलट बोलायच्या आत आशीर्वाद देऊन मोकळा व्हायचा. पुण्याचे साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून मठाचा इतिहास विचारला. त्यानं पाटीवर होतं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब खूश झाले. पाटी आणि महंत यांच्या सांगण्यात तिळमात्र फरक नाही, म्हणाले, परंपरा अखंड आहे.

एकच मला कळत नसे. एवढी कापडं मिळाली तरी त्याच्या अंगावर तेच विरलेलं फडकं. एकदा मी विचारलंच, "महाराज, नवीन काहून नाई घेत अंगावर?"

"ते माझं नाई. महंताचं हाये."

"आन तुमी कोन मंग?"

"मी राखन करून राह्यलो," तो म्हणाला. "ते आले का देईन."

म्हणजे महंतच महंताची वाट पाहत होता. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या. मामाजी हसले नाहीत. "शहाना हाये," म्हणाले.

मामाजी आणि तो जास्त बोलत नसत. ताण्याच्या दोन बाजूंनी दोघं चालायचे, एवढंच त्यांचं बोलणं. मिलमधून बहिरा होऊन आलेल्या मामाजींच्या भावालाही तो बरोबर नेई आणि कैच्या धरायला उभा करी. तिथं ऐकू येण्याची गरज नव्हती.

पुढच्या एका हिवाळ्यात मामाजींनी खाट धरली. दम लागायचा, मठापर्यंत चालवेना. ओसरीवर खाट टाकली होती, तिथून झेंड्याचा ओटा दिसे. पहाटे आम्ही निघालो की ते रोज विचारत, "ताना लागला का?" आणि आम्ही परतलो की, "तुटले किती?" नाही तुटले म्हटलं तर त्यांना खरं वाटत नसे, म्हणून आम्ही एखादा-दुसरा सांगायचो.

एक दिवस पाजणी अर्ध्यावर आली होती. ऊन मंडपाच्या उंबऱ्याशी आलेलं. शेजारची बाई नाला ओलांडून येताना दिसली. ती धावत नव्हती, तेव्हाच मला कळलं. यजमानांनी कुंचा टाकला आणि घराकडे पळत सुटले. मीही मडकं खाली ठेवलं.

महंत थांबला नाही. तो टोकाला गेला, वळला, परत आला. मला त्याचा भयंकर राग आला. मी ओरडले, "मामाजी गेले. थांबा ना आता."

"ओला ताना कोनासाठी थांबत नाई," तो म्हणाला. मामाजींचंच वाक्य, त्याच सुरात. "तो कुंचा घे वं."

मी तोवर कधी कुंचा धरला नव्हता, आमच्याकडे ते पुरुषांचं काम. मी तो उचलला आणि मामाजींच्या बाजूनं चालू लागले. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. धागा तुटला की तो पलीकडून हात घालून सांधत होता आणि त्याच्याही दाढीवरून पाणी ओघळत होतं. ताणा वाळेपर्यंत आम्ही दोघं असे जात-येत राहिलो. गावाला वाटलं असेल, सासरा मेला आणि सून साधूबरोबर खळ लावत बसली. वाटू दे.

मग त्यानं ताणा गुंडाळला, आपल्या खोलीत गेला आणि कापडाची एक घडी घेऊन आला. घरी तिरडी बांधून झाली होती. त्यानं घडी उलगडली आणि करवती काठाचं ते कापड मामाजींच्या अंगावर पायांपर्यंत नीट पसरलं, काठ सरळ केला.

पाटील कुजबुजले, "महाराज, हे तं महंताचं."

"हो ना," तो म्हणाला. "त्यायलेच देल्लं."

सासूबाई इतका वेळ रडल्या नव्हत्या, त्या तेव्हा रडल्या.

अजून सहली येतात. मास्तर पाटीखाली उभे राहून पोरांना सांगतात, इथले महंत दुष्काळात काशीला गेले, परत येईन म्हणाले, कोष्ट्यांनी त्यांच्यासाठी कापड राखून ठेवलं, पण ते काही आजवर आले नाहीत. बाकी सगळं मी ऐकून घेते. तेवढ्या एका वाक्याला मात्र मला राहवत नाही.

मी म्हणते, "येऊन गेले, मास्तर. कापड घेऊन गेले."